होमर आणि ख्रिस्ती वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही आठ-दहा जण शनिवारी संध्याकाळी बसून होमर या प्राचीन ग्रीक कवीची दोन महाकाव्यं, ट्रॉयच्या युद्धाची 'इलियड' आणि त्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियसची 'ओडिसी', मोठ्याने वाचतो. बहुतेक सगळे ख्रिस्ती, काही कॅथलिक, काही प्रोटेस्टंट. नवीन माणूस आला की प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती पटतात असं नाही.

ख्रिस्ती माणसाने झ्यूस आणि हीरा या ग्रीक देवांच्या भांडणांत वेळ का घालवावा?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आईने विचारला. मी तिला पौलाचं उदाहरण दिलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७: अरीयपगावर उभा राहून पौल अथेन्सकरांना सांगतो की आपण देवाचाच वंश आहोत असं तुमच्याच कवींनी म्हटलं आहे. ती ओळ अराटसची. 'फायनोमेना' या ताऱ्यांवरच्या काव्यात ती येते, तिथे 'देव' म्हणजे झ्यूस आहे, आणि वृत्त होमरचंच. अराटस किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच मुलखातला.

आई म्हणाली, "पौलाला परराष्ट्रीयांत जायचं होतं. तुला कुठे जायचंय?"

तिला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता देतो. नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला, ती भाषा त्या काळची मुलं होमर गिरवत शिकत. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या ग्रीक साहित्याच्या पपायरसांत सर्वांत जास्त तुकडे होमरचे आहेत. शुभवर्तमान ज्या घरांत पहिल्यांदा वाचलं गेलं, त्यांतल्या शिकलेल्या माणसांच्या कानात 'इलियड'चा नायक अकिलीस आधीच बसलेला होता. ते कान कसे होते हे कळलं, तर त्यांना शुभवर्तमानात नवं काय ऐकू आलं हेही कळतं.

सुरुवातीच्या चर्चने याला विरोध केला नव्हता का?

केला होता, आणि चांगला कडक. इ.स. २००च्या सुमाराला तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने विचारलं, अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय? बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याला स्वप्न पडलं: तो न्यायासनापुढे उभा आहे, आणि त्याला सांगितलं जातंय की तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस. ऑगस्टीनची तक्रार मात्र वेगळी होती. शाळेत धाकदपटशाने ग्रीक शिकवल्यामुळे होमर त्याला कडू लागला. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातल्या डिडो राणीसाठी मात्र तो रडला, आणि पुढे त्या रडण्याबद्दल पश्चात्ताप करत बसला. (इंग्रजी मारून मारून शिकलेल्या आपल्या पिढीला हे समजायला जड जाऊ नये.)

दुसऱ्या बाजूला कैसरियाचा बिशप बासिल. चौथ्या शतकात त्याने तरुणांसाठी ग्रीक साहित्य कसं वाचावं यावर एक छोटं भाषण लिहिलं. मधमाशी प्रत्येक फुलावर बसत नाही, आणि जिथे बसते तिथलंही सगळं उचलून नेत नाही, असा त्याचा दाखला. मोशे मिसरी विद्या शिकला, दानीएल बाबेलची, हेही तो आठवण करून देतो. बासिलचं भाषण मला आवडतं, पण थोडी कुरकुरही आहे. त्याच्या हिशेबी होमरचं सगळं काव्य सद्गुणाची स्तुती आहे. तसं ते नाही. तसं असतं तर दोन बैठकांत आम्ही कंटाळलो असतो.

पण खरी गंमत रोमन सम्राट जुलियनची. त्याने ख्रिस्ती धर्म सोडला होता. ३६२ साली त्याने ठरवलं की ज्यांचा होमरच्या देवांवर विश्वास नाही त्यांनी होमर शिकवू नये. त्यांनी गालीलकरांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, मंडळ्यांत जावं आणि मत्तय-लूक समजावून सांगावेत. आता बघा, होमर ख्रिस्ती लोकांच्या हातून काढून घेतला जातोय म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला उलट कांगावा. नाझियांझचा ग्रेगरी खवळला: ग्रीक भाषा काय तुमच्या देवांची मिरास आहे? अपोलिनारिस नावाच्या बापलेकांनी तर बायबलच ग्रीक वृत्तांत बांधायला घेतलं, मोशेची पुस्तकं होमरच्या वृत्तात. पुढच्याच वर्षी जुलियन लढाईत मेला, बंदी उठली, आणि ख्रिस्ती शिक्षक निमूटपणे पुन्हा होमर शिकवू लागले. बापलेकांचं काव्य टिकलं नाही.

मग होमर आपल्यापर्यंत आणला कोणी?

बऱ्याच अंशी ख्रिस्ती लोकांनीच. कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यात हजार वर्षं शाळेत तो चालू होता. बाराव्या शतकात थेस्सलोनिकीचा आर्चबिशप युस्टेथियस याने दोन्ही काव्यांवर अवाढव्य भाष्य लिहिलं. 'इलियड'चं सर्वांत मोलाचं हस्तलिखित दहाव्या शतकातलं आहे आणि आज व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. कार्डिनल बेस्सारिऑनने १४६८ साली आपला सगळा ग्रंथसंग्रह व्हेनिसला दिला, त्यावर ते ग्रंथालय उभं राहिलं.

होमरने जुन्या करारातून काही उचललं असेल का?

नाही. जस्टिन आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांना वाटे की ग्रीकांनी मोशेकडून घेतलं. त्याला ऐतिहासिक आधार नाही. माणूस पानांसारखा गळतो, असं 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ग्लॉकस म्हणतो. यशया चाळिसाव्या अध्यायात माणसाला गवत म्हणतो. झाड आणि गवत दोघांच्याही दारात होतं.

ट्रॉय खरंच होतं?

तुर्कस्तानात डार्डनेल्सजवळ हिसार्लिक नावाची टेकडी आहे. हाइनरिख श्लीमनने तिथे १८७०पासून खणायला सुरुवात केली, आणि एकावर एक बसलेली अनेक शहरं निघाली. त्यांतलं एक इ.स.पू. ११८०च्या सुमाराला जळलं. जिच्यासाठी ते युद्ध झालं त्या हेलनचं काय, ते माती सांगत नाही.

बायबल वाचणाऱ्याला इथे आणखी एक गोष्ट दिसते. पौलाला "मासेदोनियात येऊन आम्हांला मदत कर" असा दृष्टान्त झाला तो त्रोवसात, आणि प्रवचन लांबल्यामुळे युतुख खिडकीतून पडला तोही त्रोवसातच. ते बंदर ट्रॉयच्या टेकडीच्या दक्षिणेला, दिवसभराच्या चालीवर.

टेकडीवरच्या इलिऑन गावात पुढे बिशपही होता. जुलियन सम्राट होण्याआधी, ३५४ साली, तिथे गेला, तेव्हा पेगासियस नावाच्या बिशपनेच त्याला ट्रॉयचा वीर हेक्टर याचं देऊळ दाखवलं. वेदीवर निखारे होते, पुतळा तेलाने चकचकत होता. हे काय, असं जुलियनने विचारल्यावर बिशप म्हणाला, आम्ही रक्तसाक्ष्यांना मान देतो तसा यांनी आपल्या गावच्या शूर माणसाला दिला तर बिघडलं कुठे? हे जुलियनच्याच पत्रात आहे. ऐकायला फार उदार वाटतं. फक्त, जुलियन गादीवर आल्यावर हाच पेगासियस देवळाचा पुजारी झाला. दोन्ही अर्ध्या गोष्टी सांगाव्यात.

ओडिसियस डोलकाठीला बांधला जातो ती ख्रिस्ताच्या क्रुसाची खूण आहे, असं एका प्रवचनात ऐकलं. खरं का?

'ओडिसी'तले सायरन गाऊन खलाशांना मृत्यूकडे ओढतात, तो हा प्रसंग. क्रुसाची कल्पना जुनी आहे. क्लेमेंट म्हणतो, लाकडाला बांधून घे म्हणजे सायरनांच्या गाण्याने तुझा नाश होणार नाही. पुढे अम्ब्रोझनेही ती वापरली. प्रवचन म्हणून सुंदर आहे. पण ओडिसियस स्वतःला बांधून घेतो तो गाणं ऐकता यावं म्हणून; मेण खलाशांच्या कानात, त्याच्या नाही. हा माणूस मोह टाळत नाही, सुरक्षित जागी बसून त्याची चव घेतो. मला तर तो फोनवर नको ते बघणाऱ्या आपल्यासारखा वाटतो. रूपक करायचंच तर कवीने लिहिलंय ते आधी पाहावं.

होमरचे देव इतके उथळ का? व्यभिचार, कपट, चिडाचिडी…

ही तक्रार ग्रीकांचीच. माणसांत जे जे लाजिरवाणं, ते सगळं होमर आणि हेसिओडने देवांवर लादलं, असं झेनोफनीस हा तत्त्ववेत्ता इ.स.पू. सहाव्या शतकात म्हणाला. प्लेटोने तर आदर्श नगरातून असले कवी हद्दपारच केले.

पण देव उथळ आहेत यातच 'इलियड'ची सगळी ताकद आहे, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलंय. पाचव्या सर्गात डायोमिडीस युद्धदेव आरीसला भाल्याने जखमी करतो. आरीस नऊ-दहा हजार माणसांइतका मोठा ओरडतो, ऑलिंपसवर पळतो, बापाकडे गाऱ्हाणं करतो. औषध लावताच जखम भरते, अंघोळ करून नवे कपडे घालून स्वारी पुन्हा बापाशेजारी बसते. त्याच सर्गात माणसं मरतात ती मरतातच. कुणाचा बाप घरी वाट बघत असतो, कुणाचं नुकतंच लग्न झालेलं असतं. गमावण्यासारखं काही नसल्यामुळे होमरच्या देवांना शूर होताच येत नाही. धैर्य, मैत्री, दुःख ही मर्त्यांची मिळकत. झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरायला निघतो तेव्हा बाप रक्ताचे थेंब आभाळातून गाळतो, पण हात आखडता घेतो: एकाला वाचवलं तर इतर देवही आपापल्या मुलांना वाचवायला बघतील, असं हीरा सांगते. हिशेब पटतो.

आता योहानाचा विसावा अध्याय उघडा. पुनरुत्थान झालंय, मरण हरलंय, आणि तरी थोमाला दाखवायला हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. आरीसची जखम संध्याकाळपर्यंत नाहीशी होते. इथे ती राहते. देवाला हरवण्यासारखं काही असू शकतं आणि त्याने ते हरवलं, हे विधान होमरवर वाढलेल्या कानाला किती विचित्र वाटलं असेल! आपल्याला ते वाटत नाही, कारण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते विचित्रपण परत मिळावं म्हणून मी होमर वाचतो.

'इलियड' क्रोधाचं काव्य आहे म्हणतात. त्यात ख्रिस्ती वाचकाने काय शोधायचं?

शोधायला जाऊच नका, आधी गोष्ट ऐका. पहिलाच शब्द 'मेनिस', क्रोध. साधा राग नव्हे. हा शब्द होमर देवांसाठी वापरतो आणि माणसांत जवळजवळ फक्त अकिलीससाठी. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन त्याच्या वाट्याची बंदिवान ब्रिसेइस काढून घेतो, अकिलीस तंबूत जाऊन बसतो, आणि त्या रुसव्याची किंमत शेकडो लोक मोजतात. शेवटी सर्वांत जवळचा मित्र पॅट्रॉक्लसही.

पण मी नव्या माणसाला दुसरा शब्द धरायला सांगतो: 'क्लेऑस', लोकांच्या तोंडी उरणारी कीर्ती. नवव्या सर्गात अकिलीस सांगतो की त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: इथे राहून लढलो तर घरी परतणं नाही पण क्लेऑस अमर, घरी गेलो तर आयुष्य लांब पण क्लेऑस गेली. सगळं काव्य या शब्दावर तोललेलं आहे. आणि अख्ख्या नव्या करारात हा शब्द एकदाच येतो: पेत्राचं पहिलं पत्र, २:२०. तिथे पेत्र घरकामाच्या गुलामांशी बोलतोय. चूक करून मार खाल्लात आणि सोसलात, तर त्यात कसली क्लेऑस? चांगलं करून सोसलंत, तर ते देवाला आवडतं.

याच्या शेजारी दुसऱ्या सर्गातला थर्सिटीस ठेवून बघा. कुबड निघालेला, बडबड्या साधा शिपाई, अगामेम्नॉनला चार खऱ्या गोष्टी सुनावतो. ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड घालतो, वळ उठतो, तो डोळे पुसतो, आणि सगळं सैन्य हसतं. होमर त्यात सामील आहे की नाही यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. पाठीवर वळ असलेल्या माणसाशी क्लेऑस हा शब्द घेऊन कुणी बोलेल, हे मात्र त्या छावणीत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

प्रायम अकिलीसच्या हाताचं चुंबन घेतो ती क्षमा म्हणायची का?

नाही, आणि तसं म्हणायचा मोह आवरा. चोविसावा सर्ग हा आजवर मी वाचलेल्या कवितांतला सर्वांत मोठा प्रसंग आहे, त्याला आपल्या शब्दांचा झगा चढवायची गरज नाही.

काय होतं ते पाहा. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत अकिलीसकडे जातो, गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची कितीतरी मुलं मारली ते हात ओठांना लावतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा. दोघं रडतात, पण एकमेकांसाठी नाही: प्रायम अकिलीसने मारलेल्या आपल्या मुलासाठी, हेक्टरसाठी, अकिलीस बापासाठी आणि पॅट्रॉक्लससाठी. अकिलीस प्रेत धुवायला सांगतो ते प्रायमच्या नजरेआड, कारण बापाने ते पाहून तोंड सोडलं तर आपणच त्याला मारून टाकू ही भीती त्याला आहे. स्वतःला इतका ओळखणारा रागीट माणूस साहित्यात विरळा. मग दोघं जेवतात. अंत्यविधीसाठी अकरा दिवसांचा युद्धविराम ठरतो, आणि बाराव्या दिवशी, लढणं भागच असेल तर, पुन्हा लढाई. कुणी कुणाला क्षमा केलेली नाही.

तरी क्षमा नसताना माणूस कुठवर जाऊ शकतो, त्याची सीमा इथे दिसते. फ्रेंच विचारवंत सिमोन वेईलने १९४०मध्ये, फ्रान्स पडलेला असताना, 'इलियड'वर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात ती शुभवर्तमानांना ग्रीक प्रतिभेचा शेवटचा आविष्कार म्हणते आणि 'इलियड'ला पहिला. मला हे अर्धंच पटतं. शत्रूही आपल्यासारखाच दुःखी आहे इथवर होमर पोहोचतो. "आपल्या वैर्‍यांवर प्रीती करा" ही आज्ञा प्रायमला दिली असती तर तो तिच्याकडे नुसता बघत राहिला असता, आणि खरं सांगायचं तर आपणही तेच करतो.

मृत्यूनंतरच्या जगाबद्दल होमर काय म्हणतो?

'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो, सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीन माणसाकडे मजुरी करत जगणं पत्करेन. क्लेऑस निवडलेला माणूस हे बोलतोय! मराठी बायबलात जिथे 'अधोलोक' वाचता, तिथे ग्रीकात होमरच्या मृतलोकाचाच 'हेडीस' हा शब्द आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२:४) तर टार्टरस, म्हणजे हेडीसच्याही खालची खाई, यावरून बनवलेलं क्रियापद आहे. शब्द तेच, त्यांत राहणारी आशा वेगळी.

आपलं महाभारत सोडून ग्रीकांकडे कशाला?

सोडायला कोण सांगतंय? मराठी माणसाला तर होमर सोपा जातो. गीतेत अर्जुन कुठे 'महाबाहो', कुठे 'धनंजय', कुठे 'कौन्तेय' होतो, त्यात वृत्ताची सोय असते. 'चपळ पायांचा अकिलीस' तसाच. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातले गायक ऐकून दाखवलं की अशी ठरीव पदं हे तोंडी रचणाऱ्या गायकाचं भांडवल असतं. पोवाडा ऐकलेल्याला हे नव्याने सांगावं लागत नाही. वृत्तही अनोळखी नाही: होमरचा डॅक्टिल म्हणजे आपला भगण, गुरू-लघु-लघु. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. असे सहा गण की ओळ झाली, फक्त शेवटचा दोनच अक्षरांचा.

अपोलिनारिस बापलेकांना जे साधलं नाही ते आपल्याकडे साधलं, हेही सांगायला हवं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. कवी ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतलं, १९१९ साली ते गेले, आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. बासिलची मधमाशी मला तिथेच जास्त खरी वाटते.

ग्रीक शिकावं लागेल का?

नाही, पण शिकलात तर उत्तम. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यामुळे वयाची सबब इथे चालत नाही. नव्या कराराचं ग्रीक येत असेल तर होमर लगेच वाचता येईल असं मात्र समजू नका. शब्दरूपं जुनी, बोली मिश्र. क्लाइड फारचं १९२०चं पाठ्यपुस्तक थेट 'इलियड'च्या पहिल्या सर्गावरून शिकवतं. मूळ ग्रीक पर्सियस या संकेतस्थळावर फुकट आहे.

इंग्रजी अनुवाद कुठला? सुरुवात कुठून?

मोठ्याने वाचायला रॉबर्ट फेगल्स, मूळ ओळीच्या जवळ राहायचं असेल तर रिचमंड लॅटिमोर, स्वच्छ आणि वेगवान हवा असेल तर एमिली विल्सन. 'इलियड' सुमारे १५,७०० ओळींची, 'ओडिसी' १२,१००. वेळ कमी असेल तर 'इलियड'चे १, ६, ९, १६, २२ आणि २४ हे सर्ग. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी पहिल्या खेपेला खुशाल ओलांडा. आम्ही गणनाच्या पुस्तकातली शिरगणती ओलांडतो तशी.

मुलांना सांगावं का?

एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस जरूर सांगा. वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला ओळखून शेपूट हलवत मरणारा आर्गस कुत्राही सांगा, पण आपला आवाज सांभाळून. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात बारा दासींना फासावर देतात, ते मुलं मोठी झाल्यावर.

आमच्याकडे मुलांना सर्वांत आवडतो तो सहावा सर्ग. हेक्टर बाळाला घ्यायला हात पुढे करतो, शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून बाळ भोकाड पसरतं, आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मुलाला उचलून घेतो आणि प्रार्थना करतो की हा बापापेक्षा मोठा होवो. मुलं हमखास विचारतात, त्या बाळाचं पुढे काय झालं? चोविसाव्या सर्गात त्याची आई आपली भीती बोलून दाखवते, तटावरून खाली फेकण्याची. ते त्या रात्री सांगू नका.